शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्याचा संगणक : आधी वीज, मग वेग

बारावीचे निकाल लागले, महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या अनेक घरांत गावाकडून एक ठरलेला दूरध्वनी येतो. भाच्याला किंवा पुतणीला संगणक घ्यायचा आहे, कोणता घ्यावा? शहरातला मामा किंवा काका प्रामाणिकपणे उत्तर देतो. प्रोसेसर अमुक घे, रॅम तमुक घे, जमले तर लॅमिंग्टन रोडवर जाऊन सुटे भाग जोडून घे, स्वस्त पडेल. हा सल्ला चुकीचा असतो असे नाही. तो शहरातल्या घरासाठी बरोबर असतो. ज्या घरात वीज सहसा जात नाही, दुरुस्तीचे दुकान कोपऱ्यावर आहे आणि इंटरनेटची तार भिंतीतून आत आलेली आहे, त्या घरात यंत्राचा वेग हाच पहिला प्रश्न असतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या घरात तो तिसरा किंवा चौथा प्रश्न ठरतो.

हे दोन्ही तालुके मुंबईपासून फार लांब नाहीत. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. कल्याण-कसारा मार्गावर वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके असल्याने रेल्वेजवळच्या गावांतला विद्यार्थी लोकलने कल्याण गाठतो. मुरबाडला मात्र आजही रेल्वे नाही. तिथल्या मुलांची भिस्त एसटीवर. टोकावडे किंवा डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरून येणाऱ्या मुलाला आधी तालुक्याचे गाव आणि मग पुढे कल्याण, असा दुहेरी प्रवास पडतो. शहापूरचे सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय, मुरबाडजवळ शिवळे येथील महाविद्यालय, आसनगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे शिक्षण जवळ आले आहे. पण संगणक बिघडला तर तो पाठीवर टाकून कल्याणला न्यावा लागतो, आणि त्यात विद्यार्थ्याचा एक दिवस जातो.

पैशाची वेळ

पैशाचा हिशेब गावात क्विंटलमध्ये केला तर अधिक स्पष्ट होतो. हा भाताचा मुलूख आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण प्रतीच्या भाताचा आधारभूत दर क्विंटलला २,३६९ रुपये ठरवला. म्हणजे वीस हजारांचा संगणक म्हणजे सुमारे साडेआठ क्विंटल भात, आणि पन्नास हजारांचा नवा लॅपटॉप म्हणजे एकवीस क्विंटल. बी, खत आणि मजुरी वजा जाता हातात काय उरते ते लक्षात घेतले, तर दुसऱ्या आकड्यापाशी अनेक घरे थबकतात यात नवल नाही.

वीस वर्षांपूर्वी हा भार याहून अधिक होता, हेही सांगितले पाहिजे. २००५ मध्ये ‘दहा हजारांत संगणक’ ही घोषणा देशभर गाजली होती आणि एचसीएलने ९,९९० रुपयांचा, लिनक्सवर चालणारा संगणक बाजारात आणला होता. त्या वर्षी साधारण भाताचा आधारभूत दर ५७० रुपये होता. त्या ‘स्वस्त’ संगणकासाठी साडेसतरा क्विंटल भात घालावा लागला असता. त्यातच ग्रामीण महाराष्ट्रात तेव्हा दिवसाचे दहा-दहा तास भारनियमन होते. स्वस्त संगणक गावात पोचला असता तरी तो चालवायचा कधी, हा प्रश्न घोषणेत नव्हताच.

आणखी एक गोष्ट शहरातून दिसत नाही. प्रवेशाचा काळ जून-जुलैचा. नेमका तोच पेरणीचा आणि लावणीचा. घरातला रोख पैसा शेतात गेलेला असतो. पीक हाती येते दिवाळीच्या आसपास, आणि भात खरेदी केंद्रावर घातला तर पैसे मिळेपर्यंत आणखी काही आठवडे जातात. त्यामुळे जूनमध्ये संगणक घेणारे कुटुंब बहुधा हप्त्याने किंवा उसनवारीने घेते. प्रस्तुत लेखकाच्या मते, कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पहिले सत्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेवर आणि मोबाइलवर काढावे आणि खरेदी दिवाळीनंतर करावी. तोवर अभ्यासक्रमाला नेमके काय लागते हेही कळलेले असते. संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला मात्र थांबणे परवडत नाही. हाताने रोज सराव केल्याशिवाय तो विषय येत नाही.

विजेचे गणित

आता मुख्य मुद्दा. पूर्वीसारखे जाहीर भारनियमन आता राहिलेले नाही. पण जंगलातून आणि डोंगरातून जाणाऱ्या तारांवर पावसाळ्यात झाड पडले की वीज तासन् तास येत नाही. आणि वीज असतानाही ती पुरेशा दाबाने येते असे नाही. संध्याकाळी गावातले सगळे दिवे, पंखे आणि पंप एकदम चालू झाले की व्होल्टेज उतरते. विद्यार्थी अभ्यासाला बसतो तो नेमका याच वेळी.

टेबलावरचा नेहमीचा जोडलेला संगणक पडद्यासकट साधारण ऐंशी ते शंभर वॉट वीज घेतो. त्याच्यासोबत बहुतेक दुकानदार ६०० व्हीएचा यूपीएस देतात. त्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. पण शिशाच्या बॅटरीतून वीज भराभर उपसली की तिच्यातली निम्मीच हाती लागते. हिशेब वीस-पंचवीस मिनिटांवर येतो, आणि बॅटरी दोन वर्षे जुनी झाली की दहा मिनिटांवर. यूपीएसचे काम चालू असलेले लिखाण जतन करून यंत्र नीट बंद करू देणे एवढेच. त्यावर अभ्यास होत नाही.

याउलट साध्या लॅपटॉपची बॅटरी ४५ ते ५० वॉट-तासांची असते आणि लिहिणे-वाचणे चालू असताना तो आठ ते बारा वॉटच खातो. नवी बॅटरी चार तास सहज जाते. वापरलेली, सत्तर टक्के क्षमता उरलेली असली तरी तीन तास जाते. वीज गेल्यावर वीस मिनिटे आणि तीन तास यांतला फरक म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीचा फरक आहे.

दाबाचेही तसेच. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असते. उतरलेल्या व्होल्टेजवरही तो निमूटपणे काम करतो. जोडलेल्या संगणकातला स्वस्त एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारी पेटी, बहुधा १८०-२०० व्होल्टच्या खाली तग धरत नाही. मग संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, किंवा यूपीएस पुन्हा पुन्हा बॅटरीवर जाऊन ती लवकर संपवतो. गावात ‘संगणक खराब निघाला’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे अनेकदा यंत्राचा दोष नसून दाबाचा असतो.

गावासाठी यंत्र करायचे तर विजेपासून सुरुवात करावी लागते, हे ज्यांना उमगले होते त्यांनी तसे यंत्र केलेही होते. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात, खैराट-धनगरवाडा येथील छोट्या शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला होता. तो हिरवा-पांढरा लॅपटॉप अगदी थोड्या वॉटवर चालत असे, उन्हातही त्याचा पडदा वाचता येई आणि तो आदळआपट सोसत असे. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला हा लॅपटॉप प्रत्यक्षात १८८ डॉलरच्या आसपास गेला. २०११ मध्ये केंद्र सरकारने गाजावाजात आणलेला ‘आकाश’ टॅबलेटही रोजच्या अभ्यासाचे साधन होऊ शकला नाही. किंमत कमी करणे एवढेच ध्येय ठेवले की वापर मागे पडतो; पण खैराटच्या त्या यंत्राची विजेबाबतची दृष्टी बरोबर होती.

मग कोणता घ्यावा?

वीस-पंचवीस हजारांच्या घरात दोन पर्याय समोर येतात : सर्वांत स्वस्त नवा लॅपटॉप, किंवा कार्यालयातून निवृत्त झालेला चांगल्या जातीचा जुना. दुकानातला नवा चकचकीत लॅपटॉप मोहात पाडतो. पालकांना ‘कोरा’ या शब्दाचे समाधानही असते. परंतु या किमतीच्या अनेक नव्या यंत्रांत अगदी दुबळा प्रोसेसर असतो, रॅम मुख्य पट्टीवरच डाखलेली असल्याने पुढे वाढवता येत नाही, आणि साठवण कधी कधी ६४ जीबीच असते. तेवढी जागा विंडोज आणि तिची अद्ययावतनेच भरून टाकतात. दुसऱ्या वर्षी हे यंत्र रडू लागते.

मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप हजारोंच्या संख्येने मोडीत काढतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिकांतले हे लॅपटॉप मुळात प्रवासासाठी आणि सतत वापरासाठी बनवलेले असतात. त्यांचे बिजागर मजबूत, कळफलक टिकाऊ. बऱ्याच जणांची रॅम आणि साठवण साध्या स्क्रू-ड्रायव्हरने बदलता येते, आणि एकाच नमुन्याची असंख्य यंत्रे बाजारात आल्याने सुटे भाग मुबलक मिळतात. २०२५ पर्यंत असे यंत्र पंधरा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान मिळत होते. त्या वर्षाच्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांसाठी स्मृतिचिपांची मागणी वाढून रॅमचे भाव जगभर भडकले. त्यामुळे ज्या जुन्या यंत्रात ८ किंवा १६ जीबी रॅम आधीच बसवलेली आहे, ते अधिकच मोलाचे ठरते. ‘आता ४ घेऊ, पुढे वाढवू’ हा पूर्वीचा शहाणपणाचा मार्ग महाग झाला आहे.

अर्थात जुन्या बाजारात डोळे उघडे ठेवावे लागतात. पहिली फसवणूक ‘आय-७’ या अक्षरांची. विक्रेता आय-७ म्हणतो, ग्राहक आय-५ पेक्षा वरचे मिळाले म्हणून खूश होतो. आणि प्रत्यक्षात ते तिसऱ्या पिढीचे, दहा वर्षांहून जुने यंत्र असते. इंटेलच्या या लॅपटॉपांत अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकाकडे पाहावे : ८२५० मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, १०२१० मधले पहिले दोन आकडे म्हणजे दहावी. ही पिढी का महत्त्वाची? विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ काही अपवाद वगळता आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चालत नाही. एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासून पुढचे पाहावे. त्यापेक्षा जुने यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी ते लिनक्सवर चालवायची तयारी असेल तरच घ्यावे.

दुसरी तपासणी बॅटरीची, कारण आपला सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करून घ्यावी. दुकानातच चार्जर काढून अर्धा तास यंत्र चालवून पाहावे, लाजू नये. यंत्र सुरू होताना कंपनीचा पासवर्ड विचारत असेल, तर ते त्या कंपनीच्या ताब्यातून नीट सुटलेले नाही असे समजून हात जोडावेत. बिजागर, सगळ्या कळा, कॅमेरा, वायफाय आणि जोडणीची छिद्रे एकेक करून तपासावीत. साठवण एसएसडीच हवी. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क एसटीच्या धक्क्यांत टिकत नाही आणि संगणकाला मंदही करते. २५६ जीबी एसएसडी बहुतेकांना पुरते.

पावती घ्यावी, आणि तिच्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. हमी तीन महिन्यांची असो वा वर्षाची, ती देणारे दुकान कुठे आहे हे हमीच्या मुदतीइतकेच महत्त्वाचे. मुंबईत डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजे जुन्या लॅमिंग्टन रोडवर, हजार-दोन हजार स्वस्त मिळेलही. पण आसनगावहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठायचे आणि बिघाड झाला की पुन्हा तीच वारी करायची, तर वाचलेले पैसे दोन खेपांतच संपतात. कल्याणात घेतलेले थोडे महाग यंत्र शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्याला बहुधा स्वस्तच पडते.

अभ्यासक्रमानुसार फारसा गुंता नाही. कला आणि वाणिज्यला ८ जीबी रॅम भरपूर झाली. टॅली शिकण्यासाठी तिची शैक्षणिक आवृत्ती विनामूल्य चालते, आणि लिहिणे-हिशेब यांसाठी लिब्रेऑफिस फुकट मिळते. मराठी टंकलेखनासाठी वेगळा फाँट विकत घेण्याची गरज नाही. युनिकोड इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आहे. संगणकशास्त्राला सी, जावा, पायथन, डेटाबेस एवढ्यासाठी तेच यंत्र पुरते. अँड्रॉइडचे अॅप बनवायचे असेल तर मात्र १६ जीबी लागते, ८ वर जीव मेटाकुटीला येतो. स्थापत्य आणि यांत्रिकी अभियांत्रिकीच्या मुलांना ऑटोकॅड लागते. ते विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवान्यावर विनामूल्य मिळते. त्रिमितीय जड कामे तिसऱ्या वर्षी येतात, ती प्रयोगशाळेत करणेच बरे.

जोडलेला संगणक कुणासाठी?

सुटे भाग जोडून संगणक बनवण्याचा पर्याय सरसकट मोडीत काढण्याचे कारण नाही. नव्वदच्या दशकापासून मुंबई-ठाण्यातल्या मध्यमवर्गाचा पहिला संगणक बहुधा असाच, लॅमिंग्टन रोडवर जोडलेला होता. घरात इन्व्हर्टर असेल, दोन-तीन भावंडे शिकत असतील, किंवा गावाच्या अभ्यासिकेत यंत्र ठेवायचे असेल, तर मोठा पडदा आणि भाग बदलण्याची मुभा उपयोगी पडते. मात्र दुकानदाराच्या आकड्यात पडदा आणि यूपीएस धरला आहे का, हे आधी विचारावे. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेला घ्यावा, आणि पेटीच्या झगमगाटावर खर्च करण्याऐवजी तो पैसा चांगल्या एसएमपीएसवर घालावा.

यातही एक मधला मार्ग आहे आणि तो फारसा कुणाला सुचवला जात नाही. कार्यालयांतून निवृत्त होणाऱ्या यंत्रांत पुस्तकाएवढे छोटे संगणकही असतात. ते लॅपटॉपसारख्याच चार्जरवर चालतात, उतरलेले व्होल्टेज सोसतात, आणि एलईडी पडद्यासकट चाळीस वॉटच्या आसपास वीज घेतात. त्याच ६०० व्हीएच्या यूपीएसवर ते वीस मिनिटांऐवजी पाऊण तास काढू शकतात. अभ्यासिकेसाठी याहून योग्य यंत्र सापडणे कठीण.

दोन्ही पर्यायांत अर्थिंग पाहावे. अनेक घरांत तीन छिद्रांचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या त्यामुळे. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की चार्जर भिंतीतून काढून ठेवावा. कोणताही स्वस्त स्पाइक-बोर्ड जवळ पडलेल्या विजेपासून वाचवत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवले की त्यात दमट हवा आणि मुंग्या शिरतात. पावसाळ्यात ते रोज थोडा वेळ चालवणे हीच त्याची निगा.

इंटरनेट येणार मोबाइलवरून, आणि डोंगराच्या आडोशाला तेही अर्धवट. लॅपटॉप मोबाइलला जोडला की विंडोज मागच्या दाराने दिवसाचा सगळा डेटा अद्ययावतनांत संपवते. जोडणीच्या सेटिंगमध्ये ती ‘मोजकी’ म्हणून नोंदवली की हा उपद्रव बराचसा थांबतो. मोठी अद्ययावतने महाविद्यालयाच्या वायफायवर उतरवावीत.

शहरातल्या वाचकांच्या घरी आज असा एखादा लॅपटॉप असण्याची शक्यता आहे, जो विंडोज १० बंद झाल्यामुळे कपाटात गेला. तो गावी पाठवण्याचा विचार चांगला आहे. पण जसाच्या तसा पाठवला तर तो मदत न ठरता अडगळ ठरतो. आधी बॅटरी बदलावी, एसएसडी नसेल तर बसवावी, आणि यंत्र आठव्या पिढीच्या आतले असेल तर उबुंटूसारखी लिनक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती घालून, मराठी कळफलक सुरू करून द्यावे. टॅली शिकणाऱ्याला मात्र विंडोज लागते, एवढे विचारून घ्यावे.

राहिला प्रश्न कर्जाचा. दुकानातल्या हप्त्यांच्या योजनेवर सही करण्यापूर्वी एक गोष्ट फार थोड्या पालकांना ठाऊक असते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत शिक्षणशुल्क आणि पुस्तकांबरोबर, अभ्यासक्रमासाठी आवश्यक असल्यास वाजवी किमतीचा संगणकही धरता येतो, आणि चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागितले जात नाही. मुलासाठी शैक्षणिक कर्ज काढणारच असाल, तर अर्जातच संगणकाचे दरपत्रक जोडावे. मागाहून ते घालणे अवघड जाते. आदिवासी विद्यार्थ्यांनी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात त्या वर्षी कोणते साहाय्य चालू आहे याची चौकशी खरेदीपूर्वी करावी. ‘सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप, येथे नोंदणी करा’ असे संदेश दर जूनमध्ये मोबाइलवर फिरतात. त्यांत आधार क्रमांक आणि बँकेचा तपशील मागितलेला असतो. असा संदेश आला तर काहीही न भरता तो आधी महाविद्यालयाच्या कार्यालयात दाखवावा.